डेन्मार्कची खुर्ची लाखाला जाते, मग आपली वेताची खुर्ची भंगारात का जाते?

दिवाळीची साफसफाई निघाली की वाटूरच्या आमच्या घरात दरवर्षी एकच वाद होतो. आजोबांच्या दोन सागवानी खुर्च्यांचं करायचं काय?

वेत फाटलाय, एकीचा हात हलतोय. दारावर आलेला भंगारवाला म्हणाला, या दोन द्या आणि प्लॅस्टिकच्या दोन घ्या. वडील तयार होते. आजी म्हणाली, "राहू द्या कोपऱ्यात. खायला थोडंच मागतेत?"

त्याच आठवड्यात इन्स्टावर एक रील समोर आलं. डेन्मार्कची जुनी लाकडी खुर्ची. गोलसर हात, विणलेली बैठक, कुठंही नक्षी नाही. खाली लिहिलेली किंमत रुपयांत मोजली तर लाखाच्या वर. आजीला रील दाखवलं. ती म्हणाली, "ही तर आपलीच हाय की!"

आता ती आपली नाही, हे उघड आहे. पण आजी अगदीच चुकीचं बोलत नव्हती. ते कसं, हे समजून घ्यायला आधी या परदेशी खुर्च्यांची गोष्ट बघावी लागते.

स्कँडिनेव्हियन मॉडर्न म्हणजे नेमकं काय?

स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. फर्निचरचा विषय निघाला की शेजारचा फिनलंडही त्यातच धरतात. साधारण १९३० ते १९६० च्या दशकांत इथं ज्या खुर्च्या, स्टुलं आणि टेबलं बनली, त्यांना आज ‘व्हिंटेज स्कँडिनेव्हियन’ म्हणतात.

त्या आधी युरोपात चांगली खुर्ची म्हणजे कोरीवकाम, मखमल, सोनेरी मुलामा असा थाट असायचा. विसाव्या शतकात मॉडर्न विचारांचे लोक आले आणि म्हणाले, बसायला जे लागत नाही ते काढून टाका. जर्मनीत त्यासाठी स्टीलच्या वाकवलेल्या नळ्या वापरल्या गेल्या. उत्तरेकडच्या देशांनी मात्र लाकूड सोडलं नाही, कारण त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांचे सुतार होते.

डेन्मार्कमध्ये या सगळ्याचा पाया घातला कोरे क्लिंट यांनी. १९२४ मध्ये कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचरचं शिक्षण सुरू झालं, ते त्यांच्या हाताखाली. त्यांची पद्धत साधी होती. माणसाचं शरीर मोजा. गुडघा किती उंचीवर येतो, पाठ कुठं टेकते, हे बघा. जुन्या खुर्च्या मोडीत काढू नका, त्यांची मापं घ्या आणि त्यातलं चांगलं ते उचला.

म्हणजे ‘मॉडर्न’ असूनही जुन्याला नावं ठेवणं त्यात नव्हतं.

तिवई जगभर गेली ती अशी

फिनलंडच्या अल्वार आल्टो यांनी १९३३ मध्ये एक स्टूल बनवलं. नाव ‘स्टूल ६०’. गोल बैठक आणि बर्च लाकडाचे तीन पाय. बास.

तीन पायांचं स्टूल म्हटल्यावर आपल्याला आपली तिवई आठवते. तिच्यामागचं गणितही तेच आहे. चार पायांची वस्तू उंचसखल जमिनीवर डुगडुगते, तीन पायांची डुगडुगत नाही. शेणानं सारवलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आल्टोंची करामत पायात होती. पायाच्या वरच्या टोकाला उभ्या चिरा पाडायच्या, त्यात गोंद लावलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सरकवायच्या आणि तेवढाच भाग काटकोनात वाकवायचा. तो वाकवलेला भाग सरळ बैठकीच्या खाली स्क्रूनं बसतो. मध्ये आडवी चौकट लागत नाही. स्टुलं एकावर एक रचताही येतात. १९३५ मध्ये त्यांनी पत्नी आयनो आणि इतर दोघांसोबत ‘आर्टेक’ ही कंपनी काढली. ती आजही हे स्टूल बनवते.

एक खुर्ची थेट सहकारातून आली

हा भाग महाराष्ट्रातल्या माणसाला जास्त जवळचा वाटेल.

डेन्मार्कमध्ये एफडीबी नावाचा ग्राहक सहकारी संस्थांचा संघ होता. आपल्याकडच्या अपना बाजारसारखं काहीतरी समजा, पण देशभर पसरलेलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. साध्या कुटुंबांना परवडेल असं, पण धडाचं फर्निचर मिळत नव्हतं. तेव्हा या संघानं स्वतःचा फर्निचर डिझाइन विभाग काढला आणि १९४२ मध्ये त्याची सूत्रं दिली बोर्गे मोगेनसेन यांच्याकडं. वय होतं फक्त २८. ते क्लिंट यांचेच विद्यार्थी.

१९४७ मध्ये मोगेनसेन यांची ‘जे ३९’ ही खुर्ची आली. सरळ पाय, पाठीला एक रुंद फळी आणि विणलेली बैठक. डेन्मार्कमध्ये तिला नाव पडलं ‘लोकांची खुर्ची’.

बैठक विणली होती कागदाच्या दोरीनं. कागदाची दोरी? हो. आधी यासाठी समुद्रगवताची दोरी वापरायचे, पण युद्धात ती मिळेना. मग पीळ देऊन घट्ट केलेली कागदी दोरी आली. अडचणीतून काढलेली ही वाट इतकी टिकाऊ निघाली की आजही महागड्या डॅनिश खुर्च्या त्याच दोरीनं विणतात. आपल्याकडं बाज विणायला सुंभ असतो, तिकडं कागद. सैल झाली की उसवायची आणि पुन्हा विणायची, हा हिशेब दोन्हीकडं सारखाच.

मग ही खुर्ची श्रीमंतांची कशी झाली?

यात मोठा वाटा हान्स वेगनर यांचा. डेन्मार्कमधल्या एका चांभाराचा हा मुलगा लहान वयात सुताराकडं उमेदवारीला लागला आणि पुढं त्यानं ५०० च्या वर खुर्च्या डिझाइन केल्या. १९४९ ची त्याची ‘राउंड चेअर’ अमेरिकेत पोचली आणि तिचं नावच पडलं ‘द चेअर’. २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी आणि निक्सन यांची पहिली टीव्ही चर्चा झाली, तेव्हा दोघांसाठी मंचावर हीच खुर्ची ठेवली होती. कोट्यवधी लोकांनी ती बघितली.

वेगनर यांची त्याच सुमाराची ‘वाय चेअर’ १९५० पासून आजपर्यंत बनतेय. तिच्या एका बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते आणि ती हातानंच विणावी लागते.

अमेरिकेतून मागणी वाढली. युद्धानंतर आग्नेय आशियातलं सागवान डेन्मार्कला पोचू लागलं होतं, त्यामुळं त्या काळातल्या कितीतरी डॅनिश खुर्च्या सागवानी आहेत. म्हणजे आजीला ओळखीचं वाटलं ते उगाच नाही.

पुढं जुने कारखाने बंद झाले, जुन्या खुर्च्या कमी उरल्या आणि किंमत चढत गेली. पण नुसतं जुनं असून भागत नाही. ही खुर्ची कुणी डिझाइन केली, कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या सालात बनली, हे कागदावर सापडतं. कित्येक खुर्च्यांच्या खाली बनवणाऱ्याचा शिक्का असतो. लाखाची किंमत मिळते ती लाकूड, काम आणि नोंद या तिन्हींना मिळून.

भारतातल्या खुर्च्यांचं काय झालं?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण चंदीगडचं आहे. ली कॉर्बुझिए यांनी हे शहर आखलं. त्यांचे चुलतभाऊ पिअर जानरे १९५१ ते १९६५ अशी वर्षं तिथं राहिले. सरकारी कार्यालयं, कोर्ट, विद्यापीठ यांच्यासाठी हजारो खुर्च्या-टेबलं लागणार होती. जानरे आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी इथं सहज मिळणारं लाकूड आणि वेत निवडला, आणि इथल्याच सुतारांकडून ते करून घेतलं. तिरक्या पायांची ती खुर्ची आज जगभर ‘चंदीगड चेअर’ म्हणून ओळखली जाते.

जानरे स्वित्झर्लंडचे होते, त्यामुळं ही खुर्ची स्कँडिनेव्हियन नाही. पण काळ तोच आणि विचारही तोच.

पुढं काय झालं? वेत फाटला, पाय हलले. नवीन फर्निचर आलं. जुन्या खुर्च्या गच्चीवर आणि गोदामात ढिगानं पडल्या आणि भंगार म्हणून लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या कवडीमोलानं उचलल्या, दुरुस्त केल्या आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखांना विकल्या.

कायद्यानं अडवता आलं नसतं का? १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू साधारण १०० वर्षं जुनी असावी लागते. या खुर्च्या तेवढ्या जुन्या नव्हत्या. शेवटी २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं आदेश काढून या फर्निचरची विक्री आणि निर्यात रोखायला सांगितलं. तोवर बरंच काही हातचं गेलं होतं.

आता आपल्या गावाकडं या

जिल्हा परिषदेची शाळा, तहसील कचेरी, जुनं पोस्ट ऑफिस. इथं काम केलेल्या कुणालाही विचारा. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘खुर्ची, लाकडी, नग ६’ एवढीच नोंद असते. कुणी बनवली, कधी, कोणत्या लाकडाची, काही नाही. मग एक दिवस निर्लेखन होतं आणि खुर्ची भंगारात जाते.

खुर्चीसोबत एक कामही जातं. वेत विणणं हे बोटांचं काम. डोळ्यांपेक्षा स्पर्शावर जास्त चालणारं. म्हणून अंध व्यक्तींच्या प्रशिक्षण केंद्रांत ते वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. सरकारी खुर्च्या विणायचं काम त्यातल्या अनेकांची रोजीरोटी होती. प्लॅस्टिक आणि फिरत्या खुर्च्या आल्या आणि ते काम आटत गेलं.

तुमच्या घरात किंवा शाळेत अशी खुर्ची असेल, तर देण्याआधी एवढं करा.

• उलटी करून बघा. खाली किंवा मागे रंगानं लिहिलेली अक्षरं, आकडे, शिक्का असेल तर घासून काढू नका. फोटो काढून ठेवा.
• सांधे बघा. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेलं असेल तर खुर्ची दुरुस्त होते. नुसते खिळे ठोकून उभी केलेली असेल तर अवघड आहे.
• बैठकीच्या कडेनं ओळीत भोकं असतील तर वेत हातानं विणलेला आहे. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार जाळी बसवलेली आहे.
• वेत फाटला नसेल, फक्त सैल झाला असेल, तर खालच्या बाजूनं गरम पाण्याचा ओला कपडा लावा आणि नीट वाळू द्या. वाळताना वेत आखडतो आणि ताणला जातो. तोवर बसू नका.
• ऑइल पेंट मारू नका, वर सनमायका तर अजिबात नको.

आणि हो, कुणी तुमच्या खुर्चीचे लाख रुपये सांगितले किंवा ‘ओरिजिनल चंदीगड’ म्हणून विकायला आलं, तर जरा थांबा. नकला भरपूर आहेत. नोंद नसलेली आपली घरची खुर्ची लाखाला जाणार नाही, हे मान्य करूनच पुढं जायचं.

आमच्या खुर्च्यांचंही तेच आहे. आजोबांनी त्या कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून आणल्या, एवढंच आजीला आठवतं. खाली शिक्का नाही, आकडा नाही. जालन्यात चौकशी केल्यावर वेत विणणारे एक काका सापडले. दोन्ही खुर्च्या विणून आणि हात पक्का करून द्यायचे त्यांनी जेवढे पैसे घेतले, तेवढ्यात प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या आल्या असत्या. वडिलांनी हा हिशेब दोनदा ऐकवला.

सध्या त्यातल्या एका खुर्चीवर रोज संध्याकाळी तेच बसतात. दुसरीच्या खाली मी एक चिठ्ठी चिकटवलीय. आजोबांचं नाव, लिलावाची आठवण, विणणाऱ्या काकांचं नाव आणि साल. निदान पुढच्या माणसाला ‘खुर्ची, लाकडी, नग २’ याहून जास्त काहीतरी कळेल.