प्लेटलेट्सचा आकडा आणि उपचाराची निवड

पावसाळा सरताना इंदूरमध्ये डेंग्यूची चर्चा सुरू झाली, की सुदामा नगरसारख्या दाट वस्तीतही प्लेटलेट्सविषयीच्या सल्ल्यांना ऊत येतो, आणि त्या तापाबरोबर रूढ झालेल्या समजुती एका सर्वस्वी वेगळ्या विकारालाही चिकटतात. हा विकार म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, संक्षेपाने आयटीपी. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, ती चिकटलेल्या प्लेटलेट्स मुख्यतः प्लीहेत नष्ट होतात आणि अस्थिमज्जेतील त्यांची निर्मितीही मंदावते. डेंग्यूत घटलेल्या प्लेटलेट्स ताप उतरल्यावर बहुधा काही दिवसांत आपोआप वाढतात. आयटीपी मात्र 12 महिन्यांहून अधिक टिकला, तर तो दीर्घकालीन मानला जातो.

आकडा लाखाखाली गेला म्हणजे उपचार हवेतच, हा सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज होय. निरोगी माणसाच्या दर मायक्रोलिटर रक्तात 1.5 ते 4.5 लाख प्लेटलेट्स असतात हे खरे. तथापि प्रौढ रुग्णात त्या 30,000 च्या वर असतील आणि रक्तस्राव नसेल, तर केवळ देखरेख ठेवणे हाच बहुधा योग्य मार्ग ठरतो. उलट, 40,000 प्लेटलेट्स असूनही मासिक पाळीत अतिरक्तस्राव होणाऱ्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे घ्यावी लागणाऱ्या रुग्णाला उपचार लागू शकतात. मुळात आकडाच फसवा नाही ना, हेही आधी पाहावे लागते, कारण रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की ते पुंजके दिसतात.

‘प्लेटलेट्स चढवल्या की प्रश्न सुटला’ ही समजूत का टिकत नाही, हे अमेरिकी डॉक्टर विल्यम हॅरिंग्टन यांच्या 1951 मध्ये प्रसिद्ध झालेल्या धाडसी प्रयोगातून उमगते. त्यांनी आयटीपीच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट्स धोकादायक पातळीपर्यंत कोसळल्या. रुग्णाच्या रक्तातील जो घटक निरोगी माणसाच्या प्लेटलेट्स अशा नष्ट करतो, तो बाहेरून चढवलेल्याही टिकू देत नाही. म्हणून तो उपाय जिवावर बेतलेल्या रक्तस्रावासाठी, इतर औषधांच्या जोडीने राखून ठेवला जातो.

पपईच्या पानांच्या रसावरील अभ्यास प्रामुख्याने डेंग्यूचे आहेत, त्यामुळे आयटीपीत त्यावर विसंबता येत नाही. गुळवेलीबाबत तर अधिक सावधगिरी हवी: 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तरीही प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी घेतली जाणारी वनस्पती प्रतिकारयंत्रणाच बिघडलेल्या रुग्णाने डॉक्टरांना न सांगता घेणे धोक्याचेच होय.

उपचारांची खरी तुलना यानंतर सुरू होते. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड स्वस्त असून काही दिवसांत गुण देते, मात्र ते वर्षानुवर्षे चालू ठेवले तर मधुमेह, हाडांची झीज आणि जंतुसंसर्ग मागे लागतात. म्हणून सुरुवातीचा क्रम सहा आठवड्यांत आटोपण्याची शिफारस आहे, आणि तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू बंद करायचा असतो. एल्ट्रोम्बोपॅगची गोळी अस्थिमज्जेला अधिक प्लेटलेट्स बनवण्यास प्रवृत्त करते, परंतु तिच्यासाठी यकृताच्या तपासण्या लागतात आणि वेळेचे पथ्यही. दुधातील कॅल्शियम औषधाला बांधून ठेवत असल्याने गोळी दूध, दही वा पनीर घेण्याच्या किमान दोन तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यावी लागते, आणि सकाळच्या पोह्यांबरोबर दुधाचा चहा ठरलेला असलेल्या इंदुरी घरात हे पथ्य सहज मोडते. मग औषधच निकामी ठरले, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

प्लीहा काढणे हा सर्वांत जुन्या उपायांपैकी एक असून सुमारे दोनतृतीयांश रुग्णांना त्याचा दीर्घकाळ लाभ होतो. त्याला कालबाह्य म्हणणे जितके चूक, तितकेच घाईने तो स्वीकारणेही, कारण पहिल्या वर्षात काहींचा विकार आपोआप निवळतो, तर प्लीहा गेल्यावर तीव्र जंतुसंसर्गाचा धोका आयुष्यभर राहतो आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घ्याव्या लागतात.

यांपैकी कोणताही मार्ग निवडला, तरी अंगदुखीवर स्वतःहून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेणे टाळावे. अचानक तीव्र डोकेदुखी, काळे शौच किंवा न थांबणारा रक्तस्राव दिसताच, प्लेटलेट्सच्या नव्या अहवालाची वाट न पाहता, महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.