एवढा दुष्काळ, तर बीड सोडत का नाहीत?

 

ऑफिसात नवीन ओळख झाली की ‘गाव कोणतं?’ येतंच. बीड म्हटलं की लगेच पुढचं, ‘तिकडं पाणीच नसतं ना? मग लोक राहतात कशाला?’ विचारणारा चेष्टेत विचारतो, पण प्रश्न खरा आहे.

आधी धोका नीट बघू. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, आपण राहतो पर्जन्यछायेत. वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास. आकडा तसा वाईट नाही बरं का. भानगड अशी की तो मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मधे मोठे खंड पडतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आठवतंय? लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आपल्या केज तालुक्यात, धनेगावला. ते कोरडं पडलं होतं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात गोदावरी-सिंदफणेच्या पुरानं शेतं पाण्याखाली गेली. दोन्हीकडून मार.

मग थांबायचं कशासाठी? एक कारण पायाखालीच आहे, काळी माती. जुन्या लाव्हाच्या खडकापासून झालेली ही माती ओल धरून ठेवते. परतीचा पाऊस बरा झाला तर रब्बीची ज्वारी त्या ओलीवरच निघते. गेवराई-माजलगावकडच्या गंगथडीत तर नदीनंच गाळ आणून टाकलाय. जी नदी घरात शिरते, तिनंच रान केलंय.

दुसरं, निघायला पैसे लागतात. दुष्काळात जमीन विकायला काढली तर घेणार कोण? सगळेच विकणारे. पडेल भावात दिली तरी त्या पैशात पुण्यात पार्किंगसुद्धा येणार नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. बीडचे लोक बाहेर जात नाहीत, हेच मुळात खोटं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या (नवरा-बायको मिळून एक कोयता) पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि हंगाम संपला की परततात. फडात पाचटाची खोपी, लेकरांची शाळा बुडते, उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत तिथंच. याला मी हौसेचं स्थलांतर म्हणणार नाही. पण घर गावात टिकतं ते या सहा महिन्यांच्या जिवावर.

आता जरा उलटं विचारतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. ओढ्याकाठच्या सोसायट्या रिकाम्या झाल्या का? नाही. काम जवळ, शाळा जवळ, गृहकर्ज चालू. हिशोब तोच, फक्त पुणेकराला ‘कशाला राहता?’ असं कुणी विचारत नाही.

मी चुलत्यांना म्हणालो, ‘तात्या, या की इकडं.’ ते म्हणाले, ‘तुझी नोकरी गेली तर तू कुठं येशील?’ उत्तर नव्हतं माझ्याकडं. यंदाच्या बोअरला माझ्या पगारातले पैसे गेलेत, आणि आयटीत कपात सुरू झाली की मला ती पाच एकर आठवते. त्या बोअरला पाणी किती खोल लागलं आणि दरवर्षी ते खाली का जातंय, ते पुढच्या एपिसोडमध्ये.