जुनी फॉर्च्युनर घेताना

'टोयोटाचं इंजिन मरत नाही' हे दलालांचं पालुपद बरंचसं खरं. पण भारतात २००९ साली आलेल्या पहिल्या पिढीतल्या ३.० लिटर डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. तो दीड लाख किलोमीटरला बदलायचा. चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच उघडावं लागतं. वेळ झाली की डॅशबोर्डवर 'टी-बेल्ट' दिवा लागतो, पण बेल्ट न बदलताही तो विझवता येतो! म्हणून बदलल्याची पावतीच मागा. २०१६ नंतरच्या २.८ लिटरला टायमिंग चेन आहे, ही कटकट नाही. टाकी ८० लिटरची. शहरात लिटरला दहा किलोमीटर पडले तरी नशीब. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, त्यात एनओसीचा खर्च आणि आपल्या राज्यातला रोड टॅक्स मिळवून बघा.