तंतूंवरील कलमें आणि नदीचें पाणी

आंब्याचें कलम बांधतांना खुंट रायवळाचा व काडी हापूसची घ्यावी, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. खुंट बळ देतो. फळाचा गुण काडीचा. हीच युक्ति रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम तंतूंवर योजीत आहेत. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांखालील पाण्यावर ज्यांची शेती आहे, त्यांनीं ती समजून घ्यावी असें आम्हांस वाटतें.

प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ द्रवांत विरघळवून पिचकारींत भरतात आणि तिच्या सुईस दहा ते तीस हजार व्होल्टांचा विजेचा दाब देतात. त्या ओढीनें थेंबांतून धार सुटते, वाटेंत द्रव उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर जाळीदार कापड जमतें. या रीतीचीं पेटंटें अमेरिकेंत १९०२ सालीं दिलीं गेलीं. तंतु केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक होऊं शकतो. म्हणून थोड्या कापडांतही पृष्ठभाग पुष्कळ मिळतो.

परंतु हा नुसता खुंट झाला. पाण्यांतील धातु धरण्याचा गुण त्यांत बहुधा नसतो. म्हणून विजेनें भारलेल्या वायूनें किंवा अतिनील किरणांनीं तंतूच्या अंगावर जागजागीं जणूं डोळे उघडतात, व तेथून दुसऱ्या पदार्थाच्या साखळ्या वाढवितात. ॲक्रिलिक आम्लाचें कलम निकेल, तांबें, शिसें यांस धरतें. मुलाम्याच्या क्रोमिक आम्लांतील क्रोमियम मात्र उलट भाराचें असतें. त्यास अमोनियाच्या कुळांतील अमाइनचें कलम लागतें. जसा रोग तसें औषध.

असलें कलम शेतीस अगदींच नवें नाहीं. पुण्यास पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें १९८० नंतरच्या दशकांत ‘जलशक्ति’ नांवाचा पदार्थ तयार केला. त्यांत स्टार्चवर कलम केलें होतें, व तो आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी धरून ठेवी.

पवना दापोडीजवळ मुळेस मिळते. इंद्रायणी आळंदीवरून तुळापुरास भीमेस मिळते. मुलामा चढविणाऱ्या कारखान्याचें पाणी शुद्ध न करतां ओढ्यांत सोडलें, तर निकेल व क्रोमियम याच वाटेनें मळ्यांत उतरतात. अलीकडे आळंदीस नदीवर फेंसाचे थर आले, ते सर्वांनीं पाहिले. फेंस दिसतो, धातु दिसत नाहीं, कुजत नाहीं, आणि जमिनींत शिरला कीं नांगरानें निघत नाहीं.

तरीही हें कापड नदींत पसरावयाचें नव्हे. गढूळ पाण्यानें त्याचीं छिद्रें बुजतात. त्याची जागा कारखान्याच्या आवारांत, आधीं गाळून घेतलेल्या पाण्यावर. आम्लाच्या कलमांत अडकलेलें निकेल सौम्य आम्लानें धुवून परत मिळवितां येतें. मात्र त्या धुवणाची व झिजलेल्या कापडाची व्यवस्था न लावल्यास विष केवळ जागा बदलील.

तोंवर शेतकरीबंधूंनीं विहिरीचें पाणी व माती तपासून घ्यावी. नुसता सामू व क्षार न पाहतां निकेल, क्रोमियम व शिसें यांचे आंकडे मागावे. दोष आढळल्यास त्या पाण्यावर पालेभाज्या लावूं नयेत, व गांवच्या वतीनें प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी. घाण जेथें उत्पन्न होते तेथेंच ती अडविली पाहिजे. मळ्यांत उतरल्यावर कोणतेंही कलम कामास येणार नाहीं.