झिजणारा पर्वत आणि पैनगंगेचा काठ

संयुत्तनिकायात वेपुल्ल पर्वताविषयी एक सुत्त आहे. राजगृहाजवळ गृध्रकूटावर भिक्खूंना उपदेश करताना तथागत या पर्वताकडे निर्देश करतात. एके काळी तो चढण्यास चार दिवस लागत. पुढे तीन, मग दोन. आता अल्पावधीत माथा गाठता येतो. पर्वताचे नाव बदलले, तेथील लोकांचेही बदलले. हे सुत्त भूगोलाचा पाठ नव्हे. तथापि ज्याला लोक ‘अचल’ म्हणतात तो पर्वतही अनित्य आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

हे सत्य पाहण्यास राजगृहापर्यंत जावयास नको. उमरखेड परिसरातील काळा पाषाण हा अग्निजन्य बेसाल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त लाव्हा भेगांवाटे बाहेर आला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार उभे राहिले. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. याच पाषाणात अजिंठ्याची लेणी कोरली गेली.

जे घडले, ते त्याच क्षणापासून झिजू लागले. उन्हाने खडक प्रसरण पावतो, गारव्याने आकुंचन पावतो. फटींत पाणी शिरते, मुळे रुजतात. पाण्यातील सौम्य आम्लामुळे खनिजांचे चिकणमातीत रूपांतर होते. खडकाचा मुरूम, मुरमाची काळी माती असा हा क्रम आहे. बोटभर माती तयार होण्यास शतके लागतात. पुढे पैनगंगा तो गाळ वाहून नेते. सहस्रकुंड येथे, जिच्या एका तीरावर यवतमाळ आणि दुसऱ्या तीरावर नांदेड जिल्हा आहे ती ही नदी, काळ्या कातळावरून कोसळताना दिसते. पाण्यासोबत येणारी वाळू व गोटे कातळाला कानशीप्रमाणे घासतात. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने हा गाळ बंगालच्या उपसागराकडे जातो. काही वाटेतील काठांवर आणि धरणांत साचतो. एका ठिकाणची झीज हीच दुसऱ्या ठिकाणची भर ठरते.

भूगर्भातील शक्तीही थांबलेल्या नाहीत. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असल्याने हिमालय उंचावत आहे आणि त्याच ताणामुळे भूखंडाच्या अंतर्भागातही भूकंप होतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. अशा आपत्तीस दैवी कोप मानणे म्हणजे कारणांचा शोध सोडून देणे होय. कारण कळले तर भूकंपाला तोंड देणारी घरे बांधता येतात. नवसाने भिंत बळकट होत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूज्य बाबासाहेबांनी अलौकिकावरील विश्वास अधम्म ठरविला, त्याचे व्यावहारिक मोल येथे कळते.

परंतु ‘सर्व अनित्य आहे, मग माती वाहून गेली तर काय?’ असा विचार करणे हा अनित्यतेचा विपर्यास आहे. कारण बदलले की परिणाम बदलतो, हीच पटिच्चसमुप्पादाची शिकवण आहे. उतार उघडा पडला, नांगरट उताराच्या दिशेने झाली, तर शतकांची माती काही पावसाळ्यांत जाते. आडवी नांगरट, बांधबंदिस्ती, समतल चर आणि गवताचे आवरण यांनी ती थोपविता येते.

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंगवास पत्करला. गायरानाची जमीन बहुधा उताराची व मुरमाड असते. तिच्यावरील मातीचा थर आधीच पातळ. संघर्षाने मिळविलेली जमीन कागदावर राहावी आणि तिची माती नदीने न्यावी, असे होता कामा नये. पर्वताची झीज आपण थांबवू शकत नाही. आपल्या बांधावरील माती मात्र राखू शकतो. अप्पमाद म्हणजे हीच जागरूकता होय.