गोटा, तार आणि बोची कंबर

लखनौच्या अमीनाबादमध्ये गडबडझाला नावाचा बाजार आहे. अरुंद गल्ल्यांतून बांगड्या, टिकल्या, खोटे दागिने, लेस, रिबिनी असं बायकांच्या हौसेचं सगळं सामान तिथे मांडलेलं असतं. रिबीन घ्यायची ती अशाच बाजारात. बंद पाकिटावरून रिबिनीचा काही अंदाज येत नाही. रिळावरून हातभर सोडवावी, दुमडावी, चिमटीत धरावी. बो नीट उभा राहणार की मान टाकणार, हे निम्मं तरी त्या चिमटीतच कळतं.

या शहराला फितीचं शास्त्र जुनं ठाऊक आहे. अवधचे नवाब अमजद अली शाह १८४२ ते १८४७ या काळात गादीवर होते. त्यांचे वजीर अमीनुद्दौला यांच्या नावावरून अमीनाबाद हे नाव आलं. त्या काळच्या लखनौच्या पोशाखात गोट्याला मोठा मान होता. सोन्या-चांदीची तार ठोकून चपटी करायची, म्हणजे बादला. तो रेशमी धाग्याबरोबर विणला की झळाळती पट्टी तयार होते, तोच गोटा. रुंद पट्टीला लप्पा म्हणतात, वेणीसारख्या गुंफलेल्या बारीक काठाला बांकडी, झालर सोडलेल्या काठाला किरण, आणि चुण्या पाडून नागमोडी केलेल्याला गोखरू. पुढे शुद्ध चांदीची जागा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याने घेतली, आणि आता बहुतेक गोटा धातूचा लेप दिलेल्या पॉलिएस्टर पट्टीचा असतो. मला या बदलाचं वाईट वाटत नाही. हा गोटा दमट हवेत काळा पडत नाही आणि घराच्या दारावर लावायला परवडतो.

बोसाठी मात्र गोट्यापेक्षा कापडी रिबीन सोपी, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी. साटीन दोन प्रकारची येते. एकीची एकच बाजू चकाकते, दुसरीच्या दोन्ही. एकेरी स्वस्त पडते, पण तिला प्रत्येक पाकळीला पीळ द्यावा लागतो. तो कसा द्यायचा ते पुढे येईल. ऑर्गेंझा पारदर्शक आणि हलकी असते. ती दुसऱ्या रिबिनीच्या जोडीला शोभते, एकटी फिकी वाटते. शिकणाऱ्याने घ्यावी ती काठात बारीक तार घातलेली रिबीन. ती जशी वाकवावी तशी राहते, दबली तर बोटाने पुन्हा उभी करता येते. रुंदी अडीच इंच असावी. नाताळात दारावर लावतात त्या हिरव्या चक्राला, म्हणजे रीथला, आणि आपल्या तोरणाच्या मधोमधही हीच रुंदी चांगली दिसते.

आता माप. एका पाकळीची लांबी ४ इंच धरली, तर जाऊन येऊन ८ इंच रिबीन लागते. आठ पाकळ्यांना ६४ इंच, मधल्या लहान वेढ्याला ४, दोन शेपट्यांना प्रत्येकी १० म्हणजे २०. एकूण ८८ इंच, साधारण सव्वादोन मीटर. नऊ मीटरचा रोल घेतला तर त्यात असे चार बो जेमतेम बसतात. शेपट्या जरा लांब हव्या असतील तर तीनच धरावेत. दुकानात उभं राहून हा हिशेब करता आला की ना रिबीन कमी पडते, ना उरलेले तुकडे डब्यात साचतात.

बांधणीला सुरुवात मधल्या वेढ्याने करावी. रिबिनीचं टोक अंगठ्याभोवती एकदा फिरवून लहान वेढा घ्या आणि त्याच्या बुडाशी रिबिनीच्या चुण्या करून चिमटीत पकडा. ही चिमटी म्हणजे बोची कंबर. इथून शेवटपर्यंत ती सोडायची नाही. रिबीन चिमटीतून बाहेर येते तिथे अर्धा पीळ द्या, म्हणजे चकाकती बाजू पुन्हा वर येईल. डावीकडे ४ इंचांची पाकळी घेऊन रिबीन चिमटीत परत आणा, अर्धा पीळ द्या, मग उजवीकडे पाकळी घ्या. असं आळीपाळीने चार डावीकडे, चार उजवीकडे. प्रत्येक वेळी रिबीन कंबरेपाशी चुण्या पाडूनच चिमटीत घ्यायची. इथेच बहुतेकांचा बो बिघडतो. रिबीन पसरट राहिली की कंबर जाड होते, तार नीट आवळत नाही, आणि दोन दिवसांत पाकळ्या खाली लोंबतात. मग लोक पाकळ्या वाढवतात किंवा गोंद ओततात. दोन्ही निरुपयोगी आहे. बारीक आणि घट्ट कंबर असेल तर सहा पाकळ्यांचाही बो भरदार दिसतो.

आठवी पाकळी झाली की खालच्या अंगाला २० इंचांचा मोठा वेढा सोडून टोक चिमटीत आणा. हा वेढा शेवटी मधोमध कापला की दोन सारख्या शेपट्या मिळतात. आता बारीक, लवचीक तार मधल्या वेढ्यातून घाला, कंबरेवरून मागे न्या आणि दोन्ही टोकं एकत्र धरा. इथे तार पिळू नका. तार घट्ट धरून अख्खा बो फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत तार अशी आवळते की बोटांनी पिळून तेवढी आवळता येत नाही. तारेची टोकं लांब ठेवा, बो चक्राला किंवा तोरणाला बांधायला तीच लागतात.

मग पाकळ्या उघडायच्या. प्रत्येकीत बोट घालून आधी ती पुरती फुगवा. सगळ्यात मागची जोडी सरळ डावी-उजवीकडे ओढा, पुढच्या जोड्या थोड्या वर, थोड्या खाली, आणि अगदी पुढच्या स्वतःकडे. सगळ्या एकाच पातळीत राहिल्या तर बो चपटा दिसतो. शेपटीचं टोक लांबीत दुमडून, मोकळ्या काठांच्या कोपऱ्यापासून घडीकडे वर तिरकं कापा. उघडल्यावर माशाच्या शेपटीसारखी खाच पडते. तिरक्या काठाचे धागे सरळ काठापेक्षा कमी सुटतात. साटीनचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीच्या कडेने, न टेकवता, झरकन फिरवलं की धागे वितळून बसतात. गोट्याला ज्योत दाखवू नये. प्लॅस्टिकची पट्टी आकसून काळी पडते. त्याच्या टोकाला गोंदाचा थेंब पुरतो.

गोट्याची खरी गंमत फुलात आहे. एक इंच रुंद गोट्याचे दोन इंचांचे आठ तुकडे कापा. तुकडा आडवा धरून वरचे दोन्ही कोपरे खालच्या काठाच्या मध्यावर आणा. त्रिकोण होतो, तीच पाकळी. दुमडलेल्या बाजूवर नखाने एकदा दाब दिला की घडी पक्की बसते, कारण गोटा घडी सोडत नाही. आठही त्रिकोणांच्या तळाशी एकाच दोऱ्याने धावदोरा घाला, दोरा ओढून चुण्या आवळा आणि पहिली पाकळी शेवटच्या पाकळीला टाचा. मध्ये मणी किंवा टिकली. असं फूल बोच्या कंबरेवर टाचलं तर तार झाकली जाते आणि साध्या लाल साटीनला लखनवी थाट येतो. लग्नातले किंवा हजयात्रेला निघालेल्यांच्या गळ्यातले गोट्याचे हारही फितीला घड्या आणि चुण्या पाडण्याच्या याच कसबावर उभे असतात.

हे कसब आपल्याकडे अनोळखी नाही. शाळकरी मुलींच्या दुमडलेल्या वेण्यांवरची रिबिनीची फुलं आणि समारंभातल्या पाहुण्यांचे बिल्ले चुण्या व घट्ट टाक्यावरच टिकतात. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्मोकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या आराशीत कापडाला पुन्हा जागा मिळाली आहे; त्यात हे बो आणि गोट्याची फुलं फार सुंदर दिसतात. मात्र साटीन आणि आजचा गोटा दोन्ही बहुधा पॉलिएस्टरचेच असतात, म्हणून ते एका सणानंतर फेकणं चुकीचं आहे. पाकळ्यांत पातळ कागदाचे बोळे भरून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावेत. तारेच्या काठाचा बो असा जपला तर वर्षानुवर्षं वापरता येतो.

लखनौला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: कैसरबागेत संगीततज्ज्ञ भातखंड्यांनी १९२६ साली उभारलेलं संगीत महाविद्यालय, म्हणजे आजचं भातखंडे विद्यापीठ, पाहून झालं की अमीनाबाद तिथून जवळच आहे. अमीनाबादची दुकानं गुरुवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावरचा बाजार भरतो. रिबीन निवांत पारखून घ्यायची असेल तर दुसऱ्या वारी जा.