पहिली आलिशान गाडी घेताना

व्यवसायात नुकतेच स्थिरावलेले तरुण सहकारी हल्ली एक प्रश्न वारंवार विचारतात. दवाखान्याचे कर्ज फिटत आले आहे, मुले शाळेत जाऊ लागली आहेत. आता ‘चांगली’ गाडी घ्यावयाची, तर बीएमडब्ल्यू थ्री सीरिज घ्यावी, मर्सिडीज सी-क्लास घ्यावी की ऑडी ए-फोर? आपल्या आधीच्या पिढीतील डॉक्टरांपुढे हा प्रश्न नव्हता. फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर, आणि त्यातही जी आधी मिळेल ती! आज निवड आहे, आणि निवडीबरोबर तिचा खर्चही आहे. गाड्यांची हौस मला जुनी आहे व व्यवसाय अस्थिरोगाचा आहे. या दोन्ही नात्यांनी काही गोष्टी स्पष्टपणे मांडतो.

प्रथम या वर्गाचे कुळ थोडक्यात पाहू. मोठ्या आलिशान गाडीचे तंत्र आणि सुखसोयी लहान देहात आणावयाच्या व चालविणाऱ्याला आनंद द्यावयाचा, ही यामागील मूळ कल्पना. बीएमडब्ल्यूने १९७५ साली थ्री सीरिज आणली आणि या वर्गाचा मापदंड घालून दिला. मर्सिडीजने १९८२ मध्ये ‘१९०’ ही गाडी काढली. मागील प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्यांनी धरून ठेवणारी तिची रचना पुढे अनेकांनी गिरविली. सी-क्लास हे नाव १९९३ चे. ऑडी ए-फोर १९९४ ची, पूर्वीच्या ‘ऑडी ८०’ ची वारस. आपल्याकडे या तिन्ही गाड्यांची जुळणी होऊ लागली ती अनुक्रमे चेन्नई, पुणे व तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे. तीनपैकी दोन गाड्या महाराष्ट्रात जुळल्या, याचा आपल्यासारख्या सीमेवरील मराठी माणसाला उगीचच थोडा अभिमान वाटतो.

आता किंमत. थ्री सीरिजची सातवी पिढी भारतात ऑगस्ट २०१९ मध्ये आली, तेव्हा तिची शोरूम किंमत ४१.४० लाखांपासून सुरू होत होती. जानेवारी २०२१ मध्ये सुधारित ए-फोर ४२.३४ लाखांना आली. मे २०२२ मध्ये नवी सी-क्लास आली ती थेट ५५ लाखांना. पाच-दहा लाखांचा फरक पाहून आपण निर्णय करू लागतो; परंतु शोरूम किंमत ही हिशेबाची केवळ पहिली ओळ असते. आपल्या बेळगावकरांना तर दुसरी ओळ अधिक बोचते. कर्नाटकात वीस लाखांवरील मोटारीला आजीव कर १८ टक्के, उपकर निराळा. महाराष्ट्रात तितक्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला, वैयक्तिक नावावर, १३ टक्के. पंचावन्न लाखांच्या गाडीवर इकडे ९ लाख ९० हजार, तिकडे ७ लाख १५ हजार. पावणेतीन लाखांच्या या फरकापायी कोल्हापूरच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर एमएच-०९ क्रमांक घेण्याचा मोह अनेकांना होतो. मोटार वाहन कायद्यानुसार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात वापरात असलेल्या गाडीची तेथे पुनर्नोंदणी करावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे तो मोह पुरेसा कमी होतो. केंद्रीय कराच्या बाबतीत मात्र दिलासा मिळाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी या आकाराच्या सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि वर इंजिनाच्या आकारानुसार १७ किंवा २० टक्के उपकर होता. त्या दिवसापासून उपकर जाऊन सरळ ४० टक्के दर आला.

तिसरी ओळ व्याजाची. पन्नास लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १ लाख ३ हजार ८०० रुपये पडतो आणि सव्वाबारा लाखांच्या आसपास केवळ व्याज जाते. व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीवर आयकरात घसारा मिळतो खरा, पण तो वर्षाला १५ टक्के दराने व व्यावसायिक वापराच्या प्रमाणात. आपली सेवा जीएसटीमुक्त असल्याने खरेदीवरील जीएसटीची वजावट आपल्याला मिळत नाही. ‘टॅक्समध्ये सगळे वसूल होते’ असे विक्रेता सांगतो, तेव्हा आपल्या सनदी लेखापालांना एक फोन करावा.

कामगिरीविषयी बोलताना बहुतेक माहितीपत्रके अश्वशक्तीचा आकडा ठळक छापतात. डॉक्टरांना तो समजावून सांगणे सोपे आहे. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर सुमारे पाच लिटरचा प्रवाह होतो. इंजिनाचा टॉर्क म्हणजे एका ठोक्याचा जोर, फेरे म्हणजे नाडीची गती आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. बीएमडब्ल्यू ३३०-आयचे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन १,५५० पासून ४,४०० फेऱ्यांपर्यंत ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. ४०० गुणिले ४,४००, भागिले ९,५४९ केले की १८४ किलोवॉट येतात, म्हणजे सुमारे २५० अश्वशक्ती. माहितीपत्रकातील २५८ हा आकडा फेरे आणखी वाढल्यावरचा. सी-२०० चे इंजिन दीड लिटरचे. २०४ अश्वशक्ती, ३०० न्यूटन-मीटर. ए-फोर २०२१ मध्ये आली ती १९० अश्वशक्ती व ३२० न्यूटन-मीटर घेऊन.

नाडी जलद करून प्रवाह वाढविणारे हृदय लवकर थकते. ठोक्यातच जोर असणारे शांत राहते. गाडीचेही तसेच. तवंदी घाट चढताना पुढे उसाचा ट्रॅक्टर आला आणि पलीकडची मार्गिका क्षणभर मोकळी झाली, की उपयोगी पडतो तो कमी फेऱ्यांवरील टॉर्क. शून्यापासून शंभरचा वेग ३३०-आय ५.८ सेकंदांत गाठते. सी-२०० आणि ए-फोर दोघींना ७.३ सेकंद लागतात. दीड सेकंदाचा हा फरक शहरात शून्य मोलाचा आहे. दुपदरी रस्त्यावर ओलांडून जाताना मात्र समोरच्या मार्गिकेत आपण किती वेळ उघडे राहतो, ते तो ठरवितो. ज्यांना याहूनही अधिक हवे त्यांच्यासाठी सहा सिलिंडरची एम-३४०-आय आहे. मार्च २०२१ मध्ये ती ६२.९० लाखांना आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिचे सुधारित रूप ६९.२० लाखांना. ती गाडी सुरेख आहे. पण तिला ‘प्रवेशिका’ म्हणणे धाडसाचे ठरेल.

आकड्यांपलीकडे वळणावरचा स्वभाव असतो. चोर्ला घाटातून गोव्याला उतरताना तो जसा कळतो तसा शोरूमभोवतीच्या फेरीत कळत नाही. बीएमडब्ल्यू व मर्सिडीज मागच्या चाकांनी ढकलल्या जातात. पुढची चाके केवळ वळण्यास मोकळी राहतात. भारतात विकली गेलेली ही ए-फोर पुढच्या चाकांनी ओढली जाते, म्हणून ज्या चाकांनी वळावयाचे त्यांच्यावरच ओढण्याचाही भार येतो. तरीही पावसाळ्यात, अंगात शिस्त असलेल्या माणसाने चालविली तर ए-फोर अत्यंत विश्वासू वाटते, आणि बेळगावातील खड्ड्यांवर तिची बैठक या तिघींत मला सर्वांत समजूतदार वाटली. बीएमडब्ल्यूचे सुकाणू हातांशी बोलते, पण तिची ताठ बैठक मणक्याशीही बोलते! सी-क्लास मधल्या मार्गाने जाते; महामार्गावर तिच्यासारखी शांतता दुसरीकडे नाही.

आता इंधन. येथे डॉक्टरांनी इतरांपेक्षा वेगळा विचार केला पाहिजे. घर ते दवाखाना तीन किलोमीटर, दवाखाना ते रुग्णालय चार किलोमीटर, रात्री एखादी तातडीची फेरी, असा आपला दिनक्रम. बीएस-सहा डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी धूर बराच वेळ तापलेला राहावा लागतो. सातत्याने छोट्या फेऱ्या मारल्या, की गाळणी तुंबते, तांबडा-पिवळा दिवा लागतो आणि गाडी कार्यशाळेत जाते. एका परिचित बालरोगतज्ज्ञांच्या डिझेल गाडीला हा विकार वारंवार जडला. उपाय म्हणून ते रविवारी सकाळी विनाकारण संकेश्वरपर्यंत जाऊन येत. ज्यांना दर आठवड्याला पुणे किंवा हुबळी गाठावे लागते त्यांनी सी-२२० डी सारखे डिझेल जरूर घ्यावे. ४४० न्यूटन-मीटरचे ते इंजिन महामार्गावर फार गोड चालते. बाकीच्यांनी पेट्रोलच घ्यावे. ऑडीने एप्रिल २०२० च्या बीएस-सहा नियमांनंतर आपल्याकडे डिझेल सोडूनच दिले, त्यामुळे तेथे हा प्रश्न उरत नाही. पेट्रोल गाडीलाही छोट्या फेऱ्यांचा जाच होतोच. तिचे तेल किलोमीटर न पाहता वर्षाला बदलावे.

गुणवत्ता या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हाताला लागणारी गुणवत्ता, म्हणजे दाराचा आवाज, बटणांचा दाब, शिवणकाम. यात ए-फोरला मी पहिला क्रमांक देईन, कारण तिच्या वातानुकूलनाला अजून खरी बटणे आहेत. सी-क्लासच्या मध्यभागी ११.९ इंचांचा उभा पडदा आहे. तो पाहताच सोनोग्राफीच्या यंत्राची आठवण होते. वाहन चालविताना थंडावा कमी करण्यासाठी काचेवर बोट शोधत फिरावे लागणे मला प्रगती वाटत नाही. २०२२ च्या फेरबदलात बीएमडब्ल्यूनेही तीच वाट धरली.

दुसरी गुणवत्ता वॉरंटी संपल्यावर कळते. या गाड्यांत संवेदक, पंप, नियंत्रक यांची संख्या मोठी आहे आणि एखादा भाग सुटा दुरुस्त करण्याऐवजी संपूर्ण जोडणी बदलण्याची प्रथा आहे. वाढीव वॉरंटीचा खर्च म्हणूनच खरेदीच्या दिवशीच किमतीत धरावा. अमेरिकेतील नातेवाईक लेक्सस किंवा इन्फिनिटी घ्या असे सुचवितात. टिकाऊपणाच्या बाबतीत लेक्ससविषयी त्यांचे मत योग्य आहे. परंतु लेक्सस २०१७ मध्ये भारतात आली ती आपली आय-एस ही खेळाडू सेडान न घेता. येथे जुळते ती ई-एस, आपल्याच राज्यात बिडदीला. ती गाडी आरामाची, वळणांची नाही.

एका बाबीवर अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून थोडे रेंगाळतो. या सर्व गाड्यांची आसने खाली आहेत. वळणावर स्थिरता हवी तर गुरुत्वमध्य खाली लागतो. पस्तिशीच्या चालकाला ते आवडते. सत्तरीतील आईला मात्र गाडीत बसणे म्हणजे खड्ड्यात उतरणे वाटते, आणि बाहेर येताना गुडघ्यांवर सारा भार पडतो. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला पहिले काही आठवडे खोल आसन आम्ही मना करतो. मागे ज्येष्ठांना बसावयाचे असेल तर थ्री सीरिजची लांब आवृत्ती पाहावी. जानेवारी २०२१ मध्ये ती ५१.५० लाखांपासून आली आणि तिच्या चाकांमधील अंतर ११० मिलिमीटरने जास्त आहे. पाय ऐसपैस पसरतात. आसनाची उंची मात्र तीच राहते. खरेदीपूर्वी आई-वडिलांना शोरूममध्ये नेऊन तीनदा बसवावे व उठवावे.

सुरक्षिततेत तिघींनाही युरो एनकॅपच्या चाचणीत पाच तारे आहेत. पण ताशी ८० ऐवजी १०० ने धडकल्यास ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते, आणि ताऱ्यांचे संरक्षण पट्टा बांधलेल्यांसाठी असते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी याच तोलामोलाच्या जर्मन घराण्यातली होती. मागील दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे तपासात पुढे आले. पुढील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले.

सुट्या चाकाची चौकशी विसरू नये. २००५ च्या पिढीपासून बीएमडब्ल्यूने हवा गेल्यावरही चालणारे टायर स्वीकारले. त्यांवर ताशी ८० च्या मर्यादेत सुमारे ८० किलोमीटर जाता येते, पण खड्ड्याने बाजूची भिंतच फाटली तर तेही थांबतात. चोर्ला घाटात, भर पावसात, मोबाईलची एक रेघ नसताना हे घडू शकते. बूट उघडावा, तळाची चटई उचलावी आणि खाली काय आहे ते स्वतः पाहावे.

माझे मत विचाराल, तर स्वतः चालविणाऱ्याने थ्री सीरिज घ्यावी आणि महामार्गावर अधिक वेळ घालविणाऱ्याने सी-क्लास. खर्चाला जपून उत्तम वस्तू हवी असणाऱ्याने तीन-चार वर्षे वापरलेली ए-फोर शोधावी. ऑडीने २०२४ पासून जगभर तिचे नाव व जागा नव्या ए-फाइव्हला दिली आहे, त्यामुळे वापरलेल्या ए-फोरचे मोल करताना घासाघीस करण्यास वाव आहे. अशी गाडी पाहताना सर्व्हिसची नोंदवही अधिकृत केंद्राकडून पडताळावी आणि टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे वाचावेत. ‘२३२१’ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. गाडीवरील चारही टायरांचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर विक्रेत्याला त्याचे कारण विचारावे.